प्राण्यांवरच्या चाचण्या थांबल्या म्हणून टॉक्सिकॉलॉजी संपली? त्या मेसेजचा हिशेब

निकाल लागले की बी.एस्सी., बी.फार्म. आणि बी.व्ही.एस्सी.च्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "अमेरिकेने प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या. आता विषारी काय ते कॉम्प्युटर सांगणार. टॉक्सिकॉलॉजी म्हणजे तशीही पोस्टमॉर्टेमची लॅब, आणि एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ म्हणजे प्रदूषणावर निबंध. शिकायचंच असेल तर अमेरिकेत जा, तिथे सगळं फुकट आहे. इथे दोन वर्षं वाया घालवू नका."

टॉक्सिकॉलॉजी म्हणजे कुठला पदार्थ किती प्रमाणात अपाय करतो याचं शास्त्र, आणि एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ म्हणजे परिसरातल्या आणि कामावरच्या गोष्टींचा तब्येतीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास. मेसेजमधल्या एका वाक्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं त्या वाक्यात नाही. क्रमाने घेऊ.

"अमेरिकेने प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या."

केलेल्या नाहीत. एफडीए म्हणजे अमेरिकेतली औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था. २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या एफडीए मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट २.० ने १९३८ च्या कायद्यातून चालत आलेली सक्ती काढली, बस एवढंच. औषध माणसाला देण्याआधी पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर वाढवलेल्या, अवयवासारख्या वागणाऱ्या पेशी), कॉम्प्युटर मॉडेल यांचा पुरावाही चालेल असं त्यात म्हटलं आहे, आणि त्याच यादीत प्राण्यांवरच्या चाचण्याही आहेत. एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने त्या टप्प्याटप्प्याने कमी करायचा आराखडा जाहीर केला, त्याची सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडींपासून, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांच्या औषधांपासून. आपल्याकडे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये मार्च २०२३ ला तशीच दुरुस्ती झाली. कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी मात्र सेंट्रल इन्सेक्टिसाइड्स बोर्डाकडे आजही प्राण्यांवरचा डेटा द्यावाच लागतो. ९० दिवसांच्या एका अभ्यासात नियंत्रण गट आणि तीन डोस, प्रत्येकात १० नर आणि १० माद्या, म्हणजे ८० रॅट. हे काम चालूच आहे.

पण समजा, उद्या खरोखरच सगळ्या बंद झाल्या. मग काय होतं ते सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात आधीच दिसलंय. युरोपने मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं विकायला बंदी घातली, भारताने २०१४ मध्ये अशा चाचण्या बंद केल्या. युरोपचे टॉक्सिकॉलॉजिस्ट घरी बसले का? तिथल्या १२२३/२००९ या नियमाच्या कलम १० प्रमाणे बाजारात येणाऱ्या प्रत्येक क्रीमला, प्रत्येक शांपूला सुरक्षा अहवाल लागतो, आणि तो तयार करणाऱ्याकडे फार्मसी, टॉक्सिकॉलॉजी, मेडिसिन किंवा तत्सम विषयाची पदवी लागते. सशाच्या डोळ्यात पदार्थ टाकून लाली मोजायला शिकवलेला टेक्निशियन पुरत होता. सशाविना तोच निष्कर्ष काढायचा तर जास्त शिकलेला माणूस लागतो.

"विषारी काय ते कॉम्प्युटर सांगणार."

सांगतो, नाही असं नाही. औषधात उरलेली एखादी अशुद्धी जनुकांना इजा करेल का, हे आयसीएच या औषधांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या एम-७ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आधी कॉम्प्युटरवरच बघतात. पण तिथेच अट आहे की मॉडेल दोन वापरायची, एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारं आणि एक संख्याशास्त्रावर. का, तर दोघांचं अनेकदा जमत नाही. एक हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं, आणि मग कारणासकट निर्णय लिहायला माणूस बसतो. तो लिहिताना त्याला मूळ चाचणी आतून माहीत असावी लागते.

पदार्थ जनुकांना इजा करतो का हे जिवाणूंवर बघणारी एम्स चाचणीच घ्या (नाव हॉस्पिटलसारखं, संबंध नाही). त्यात हिस्टिडीन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल स्वतः बनवता न येणारे जिवाणू असतात आणि प्लेटमध्ये हिस्टिडीन नावापुरतं. पदार्थाने त्यांच्या जनुकात बदल केला तर काहींना ती क्षमता परत मिळते आणि ३७ अंशांवर ४८ ते ७२ तासांत त्यांच्या वसाहती दिसतात. किमान पाच प्रकारचे जिवाणू, किमान पाच डोस, एस-९ नावाच्या, यकृतातली एन्झाइमं असलेल्या अर्कासह आणि त्याशिवाय. वाचायला सोपं आहे. आता घोटाळा कुठे होतो ते बघा. पदार्थ जिवाणूंनाच मारत असेल तर प्लेटवरचा मागचा धूसर थर विरळ होतो. जे थोडे उरतात त्यांच्या वाट्याला हिस्टिडीन जास्त येतं आणि ते टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती करतात. मोजणी यंत्र त्याही मोजतं, नवखा माणूस 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळा होतो. प्लेट मायक्रोस्कोपखाली धरून तो थर शाबूत आहे का हे बघायची सवय ज्याला लावलेली नाही, त्याचा डेटा मॉडेलमध्ये गेला तर मॉडेलही तेच शिकणार.

उलटी चूकही होते. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या वल्सार्टन गोळ्यांमध्ये एनडीएमए हे नायट्रोसामाइन कुळातलं, कर्करोगाचा धोका असलेलं रसायन सापडलं आणि जगभर गोळ्या परत मागवल्या गेल्या. त्याची मर्यादा ठरली दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. या कुळातले काही पदार्थ नेहमीच्या पद्धतीने केलेल्या एम्समध्ये नीट पकडले जात नाहीत. त्यासाठी रॅटच्या जोडीने हॅम्स्टरच्या यकृताचा अर्क लागतो, तोही ३० टक्के, आणि प्लेटवर ओतण्याआधी ३० मिनिटं जिवाणूंबरोबर ठेवावा लागतो. (जाता जाता: जिला सगळे 'प्राणीमुक्त चाचणी' म्हणतात, तिच्यातला हा अर्क प्राण्यांच्या यकृतातूनच येतो.)

आणि चाचणी हा अर्धाच भाग झाला. पगार मिळतो तो आकडा ठरवण्याचा. एका कारखान्यात एकाच यंत्रावर दोन औषधं बनतात. पहिल्याचा किती अंश दुसऱ्यात गेला तर चालेल? रॅटवरच्या ९० दिवसांच्या अभ्यासात ज्या डोसला अपाय दिसला नाही तो दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम आहे असं धरू. माणसाचं वजन ५० किलो. १० गुणिले ५० म्हणजे ५००. आता भागायचं: रॅटवरून माणसावर येण्यासाठी ५, माणसामाणसांतल्या फरकासाठी १०, अभ्यास तीनच महिन्यांचा होता म्हणून ५. एकूण २५०. उत्तर आलं, दिवसाला २ मिलिग्रॅम. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर. इथे मात्र ती मोकळीक नाही, कारण माऊससाठी पहिला भाजक १२ आहे आणि त्याच २ चे ०.८३ होतात.

हा गुणाकार-भागाकार कॉम्प्युटर करेलच. पण १० मिलिग्रॅमला रॅटचं यकृत थोडं जड झालं होतं, तो अपाय धरायचा की जादा काम पडल्यावर यकृताने केलेलं जुळवून घेणं? अपाय धरला आणि खालचा डोस ३ मिलिग्रॅमचा असेल, तर मर्यादा ०.६ वर येते आणि कारखान्याची सफाईची पद्धत बदलावी लागते. त्यासाठी एन्झाइमचे आकडे, पेशींच्या स्लाइड्स, डोस थांबवल्यावर वजन परत खाली आलं का, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. चांगल्या अभ्यासक्रमात दोन वर्षं शिकवतात ते हेच.

"टॉक्सिकॉलॉजी म्हणजे पोस्टमॉर्टेमची लॅब."

ती एक शाखा, फॉरेन्सिक. मुंबईत कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, तपासतात ते काम महत्त्वाचंच आहे, पण त्याचा अभ्यासक्रम वेगळा आणि भरतीची वाटही वेगळी. यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

"एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ म्हणजे प्रदूषणावर निबंध."

विदर्भातल्या माणसाने हे पुढे पाठवलं की आश्चर्य वाटतं. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे किमान २० जण दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. औषध विषारी होतं हे सांगायला कुणी शिकायची गरज नाही. प्रश्न पुढचे आहेत: त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, तेव्हा नोझल तोंडासमोर येऊन फवारा श्वासातून गेला की भिजलेल्या शर्टातून कातडीत? एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळली होती का? द्रावण हाताने ढवळलं की काठीने?

आणि मोजायचं काय? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम दाबतात, म्हणून ते मोजतात. पण निरोगी माणसांतही त्याची पातळी इतकी वेगवेगळी असते, की रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून आलं तरी त्या माणसाची पातळी स्वतःच्या नेहमीच्या मानाने बरीच उतरलेली असू शकते. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, औषधाला हात लागण्याआधी, प्रत्येकाचा स्वतःचा आकडा घेऊन ठेवायचा. कॅलिफोर्नियात नियम आहे: लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज स्वतःच्या आकड्याच्या ७० टक्के किंवा त्याखाली गेलं की फवारणी बंद, ८० टक्क्यांवर परत आलं की पुन्हा कामावर. प्लाझ्मातलं कोलिनेस्टरेज आधी उतरतं, पण यकृताच्या आजारातही उतरतं, म्हणून दोन्ही बघायचे.

बिघडतं ते साध्या गोष्टींत. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि बोटावर औषध लागलेलं होतं, तर आकडा खोटा खाली येतो. शुगरसाठीच्या करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, तर तिच्यातलं फ्लोराइड स्वतःच एन्झाइम दाबतं. शंभर मजुरांचं सर्वेक्षण अशा एका ट्यूबमुळे कचऱ्यात जाऊ शकतं. याला निबंध म्हणायचं तर म्हणा.

"अमेरिकेत जा, तिथे सगळं फुकट."

इथे ते थोडं तथ्य. विज्ञान शाखेच्या पीएच.डी.ला तिथे बहुधा फी माफ असते आणि वर विद्यावेतनही मिळतं. पण मास्टर्सला आणि एम.पी.एच.ला (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) सहसा नाही, आणि मेसेज वाचणारे बरेचसे जण मास्टर्सलाच अर्ज करतात. दुसरी गोम टी-३२ या ट्रेनिंग ग्रँटची. ती एनआयएच, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्था देतात, आणि एनआयईएचएस ही त्यांतली पर्यावरणीय आरोग्याची. टॉक्सिकॉलॉजी विभागांच्या वेबसाइटवर 'एनआयईएचएसच्या निधीवर चालणारा कार्यक्रम' असं दिसतं ते पुष्कळदा हेच, आणि त्याचे पैसे फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतात. आपल्या विद्यार्थ्याला गाइडच्या संशोधन अनुदानातून किंवा विद्यापीठाच्या फेलोशिपमधून पैसे लागतात. तेव्हा अर्जाआधी ईमेलमध्ये सरळ विचारावं: तुमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यासाठी अनुदान आहे का, आणि ते किती वर्षं शिल्लक आहे? २०२५ मध्ये एनआयएचची बरीच अनुदानं मध्येच थांबवली गेली, काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आणि पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आपला संशोधन विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे हा प्रश्न विचारायला लाजण्याचे दिवस नाहीत.

"इथे दोन वर्षं वाया."

३ मार्च २०११ पासून भारतातल्या जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रमाणित प्रयोगशाळेचा डेटा ओईसीडी देशांत, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात, पुन्हा चाचणी न करता स्वीकारला जातो. परदेशी कंपन्यांची कामं इथल्या प्रयोगशाळांकडे येण्याचं हे एक मोठं कारण. पैशांचं म्हणाल तर जीपॅट ही फार्मसीची प्रवेशपरीक्षा पास होऊन एम.फार्म. केलं की महिना १२,४०० रुपये, नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिप असेल तर पीएच.डी.ला ३७,००० आणि त्यावर घरभाडं. नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांमध्ये रेग्युलेटरी टॉक्सिकॉलॉजी आहे, पशुवैद्यकाच्या पदवीधरांना एम.व्ही.एस्सी.त फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजी आहे, आणि स्लाइड वाचणारे व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट तर प्रयोगशाळांना कायम हवे असतात.

वर्षं वाया जातात हेही खरं, पण ती विषयामुळे जात नाहीत. काही कॉलेजांत टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषांची यादी, लक्षणं आणि उतारे पाठ करणं असतं. ते ओळखायला प्रवेशाआधी एक दिवस काढून विभागात जावं. दुसऱ्या वर्षाचा प्रबंध सहा महिने जीएलपी प्रयोगशाळेत होतो का ते विचारावं. गेल्या वर्षीचा एक प्रबंध मागून घ्यावा आणि थेट 'पद्धती' हे प्रकरण उघडावं. तीन डोस का निवडले, सर्वांत वरचा तोच का, याचं कारण लिहिलेलं आहे का? 'संदर्भ ग्रंथांनुसार १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम' एवढंच असेल, तर तिथला फॉर्म भरू नये.