‘रस्ता तर दिवसभर मोकळाच असतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नियोजित ४०० घरांच्या संकुलामुळे चौकात काय होईल, या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. एकही शब्द न गाळता ती ठेवली आहे, ‘अभ्यास न करता लोकांना घाबरवण्याचा धंदा’ या वाक्यासकट. मतभेद असू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘धंदा’ हा शब्द वापरायचा तर लेखातला कोणता आकडा खोटा आहे, ते दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. तुम्ही एकच दाखवलात आणि तो बरोबर आहे. रांगेतल्या एका गाडीला मी ६ मीटर धरले होते. दोन गाड्यांमधली मोकळी जागा धरली की ७ होतात. मान्य, दुरुस्ती केली आहे. तिच्यामुळे माझी रांग आणखी लांबते, एवढं मात्र लक्षात घ्या.

चौकात उभं राहून वाहनं मोजणं आणि सिग्नलच्या वेळा बसवणं हे काम मी १९ वर्षं केलं आहे. तुम्ही ‘अभ्यास न करता’ लिहिलंत म्हणून हे सांगावं लागतंय.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘रस्ता चौपदरी आहे, दिवसभर मोकळाच असतो, ४०० घरांच्या गाड्या सहज मावतील.’

‘दिवसभर’ या शब्दातच सगळी गफलत आहे. दुपारी अडीचला रस्ता मोकळा असतो, हे कोणी नाकारलंय? संकुलातली माणसं अडीचला कामावर निघत नाहीत. हिशेब गर्दीच्या तासाचा करायचा आणि तोही चौकातला. मधला रस्ता कितीही रुंद असो, सिग्नल जेवढ्या गाड्या सोडेल तेवढ्याच पुढे जातात.

सकाळच्या गर्दीच्या तासाला घरामागे मी ०.४ फेऱ्या धरल्या. हा आकडा मुद्दाम बेताचा घेतला आहे. ४०० घरांच्या १६० फेऱ्या झाल्या, त्यातल्या सुमारे १२० बाहेर पडणाऱ्या. त्यांपैकी ८० गाड्यांना चौकात समोरची वाहतूक छेदून आडवं वळायचं आहे. तासाला ८० गाड्या ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणूनच लोक फसतात.

सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा मिळून सिग्नलचं एक चक्र पूर्ण होतं. या वळणाला १२० सेकंदांच्या चक्रात १६ सेकंद हिरवा मिळतो. पहिली गाडी हलेपर्यंत २ सेकंद जातात आणि पुढे साधारण दर २ सेकंदांना एक गाडी सुटते. म्हणजे चक्राला ७ गाड्या आणि तासाला ३० चक्रं, एकूण २१०. आज तिथे १८० गाड्या वळतात, म्हणून आज भागतं. त्यात ८० मिळवल्या की २६० होतात. तासाअखेर ५० गाड्या उरल्या, गुणिले ७ मीटर, म्हणजे ३५० मीटर रांग. आणि हे गाड्या तासभर सारख्या अंतराने आल्या असं धरून. प्रत्यक्षात त्या घोळक्याने येतात, म्हणून १५-१५ मिनिटांची मोजणी करतात.

वळणाची स्वतंत्र पट्टी ५० मीटर आहे. तिच्यात ७ गाड्या बसतात. आठवी गाडी पट्टीत शिरू शकत नाही, तिचं मागचं अंग सरळ जाणाऱ्यांच्या पट्टीत राहतं. सरळ जाणाऱ्यांना हिरवा दिवा दिसत असतो, पण पुढे सरकता येत नाही. तुमच्या चौपदरी रस्त्याची त्या दिशेची एक पट्टी तिथे संपली.

‘सिग्नलची वेळ वाढवा की’ असंही तुम्ही सुचवलंत. वाढवून पाहू. चक्राला ९ गाड्या सोडायच्या तर २० सेकंद हिरवा लागेल. वरचे ४ सेकंद कोणाकडून काढणार? पादचाऱ्यांकडून काढता येत नाहीत. १४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला जवळजवळ १२ सेकंद लागतात, म्हातारी माणसं आणखी हळू चालतात. समोरून सरळ येणाऱ्यांकडून घेतले तर त्यांच्या दोन पट्ट्यांत मिळून चक्राला ४ गाड्या अडतात, तासाला १२०. अख्खं चक्रच १४० सेकंदांचं करून त्यात वळणाला हे २० सेकंद दिले तर तासाला चक्रं पंचवीस-सव्वीसच होतात आणि वळणाऱ्या २३१ गाड्या सुटतात. २६० तरीही सुटत नाहीत. वेबस्टर या वाहतूक संशोधकाने १९५८ साली सिग्नलवरच्या विलंबाचं सूत्र मांडलं, त्यातही हेच दिसतं: वाहतूक क्षमतेच्या जवळ गेली की थांबण्याचा वेळ एकदम चढतो. आज तिथे १८० भागिले २१०, म्हणजे ०.८६ आहे. काठावर आहोत. यात घाबरवण्यासारखं काय आहे? साधा भागाकार आहे.

‘इतरांनाही घर हवं असतं’ या मुद्द्यावर इतकंच, की संकुल होऊ नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, निदान या खेपेला शेवटपर्यंत. बससेवा येणार असेल तर ती सुरू झाल्यावर पुन्हा मोजू.

माझी मागणी लेखात होती तीच आहे. संकुलाचं फाटक चौकापासून या रांगेच्या पलीकडे असावं, नाहीतर बाहेर पडणाऱ्यांनाच रांग आडवी येईल. फाटकावरचा अडसर रस्त्यालगत न ठेवता निदान ५ गाड्या आत उभ्या राहतील इतका मागे घ्यावा. पाहुण्यांची नोंद करताना गाडीमागे १५ सेकंद गेले तरी एका फाटकातून तासाला २४० च्या वर गाड्या शिरत नाहीत. वळणाची पट्टी लांबवावी आणि तो खर्च मंजुरीच्या अटीत लिहून घ्यावा. विकासकाच्या वाहतूक अहवालात मोजणीची तारीख बघा. ती शाळेच्या सुट्टीतली असेल तर अहवाल परत पाठवायला सांगा. शेजारी आधीच मंजूर झालेल्या इमारतींच्या गाड्या धरल्या आहेत का आणि रांग सरासरीने दाखवली आहे का, तेही तपासा. सरासरीत आठवी गाडी दिसत नाही.

माझे आकडे पटत नसतील तर मंगळवार ते गुरुवारमधला कोणताही दिवस घ्या, सकाळी दोन तास चौकात उभे राहा आणि दर चक्राला किती गाड्या वळतात आणि किती मागे राहतात ते दोन रकान्यांत लिहा. रांग शिल्लक असतानाही चक्राला ७ हून जास्त सुटताना दिसल्या तर तक्ता पाठवा, लेखातला आकडा त्याच दिवशी बदलतो.