वाघ रंगवला, विमान राहिले

संगणकावर युद्धविमाने उडवायच्या सिम्युलेटर खेळासाठी हौशी मंडळी विनामूल्य विमाने बनवतात आणि त्यापायी स्वतःच्या रात्री खर्ची घालतात, हे सगळे मान्य. पण ‘फुकट मिळाले आहे ना, मग बोलू नका’ हा युक्तिवाद आता डोक्यात जाऊ लागला आहे. गोव्यातल्या वास्कोत वाढलेल्या माणसाला नौदलाचे सी हॅरियर, म्हणजे हवेत थांबून सरळ खाली उतरणारे लढाऊ विमान, कसे होते हे सांगावे लागत नाही. १९८३ साली ही विमाने शेजारच्या दाबोळीला आली आणि मे २०१६ मध्ये तिथल्याच नौदलाच्या हंसा तळावर निवृत्त झाली. त्यामुळे ‘परिपूर्ण भारतीय सी हॅरियर’ असे वर्णन वाचून मोठ्या आशेने ते डाउनलोड केले आणि पदरी निव्वळ संताप पडला.

बाहेरून पाहावे तर शेपटीवरचा पांढरा वाघ, म्हणजे या विमानांच्या तुकडीचे चिन्ह, मिशांसकट रंगवलेला आणि पत्र्यावरचा रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी. आत बसताच समोर येते ते मात्र रशियन विमानाचे उसने कॉकपिट: उंची मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि बटणांखालची अक्षरेही रशियन! सी हॅरियरच्या पेगासस इंजिनाची चार नोझल्स, म्हणजे झोत बाहेर फेकणारी तोंडे, ज्या लिव्हरने खाली वळवायची, ती इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलशेजारी नाहीच. फळाफुलांनी गच्च माटोळी बांधावी आणि खाली गणपतीच बसवू नये, तशातला हा प्रकार आहे.

हवेत जागच्या जागी थांबणे हा तर या विमानाचा प्राण. इथे टाकी भरून, बाँब लादून, मे महिन्याच्या भर दुपारी दाबोळीवर ते हवेत थांबवा. खिळे ठोकल्यासारखे ढिम्म राहते. प्रत्यक्षात गरम हवेत इंजिनाचा जोर घटतो, म्हणून त्यात पाणी सोडण्याची सोय असे आणि ते पाणीही थोडाच वेळ पुरे. सरळ खाली उतरायचे तर वैमानिकाला उरलेल्या इंधनाचा आणि लटकवलेल्या शस्त्रांचा हिशेब आधीच करावा लागे. हा हिशेबच काढून टाकल्यावर मग उडवायचे तरी काय? (पंखांच्या टोकांजवळची छोटी चाके धावपट्टीच्या वीतभर वर अधांतरी राहतात, पण तेवढे मी खपवून घेईन.)

उड्डाणाचे गणित बसवणे अवघड असते, हे मला कळते. अवघड आहे तर ‘रूप सी हॅरियरचे, उड्डाण दुसऱ्याच विमानाचे’ असे वर्णनात स्वच्छ लिहायला कोणी हात धरला होता? त्यातच मूळ सिम्युलेटरचे नवे अपडेट आल्यापासून या विमानाचे हूक (जहाजावर उतरताना तार पकडणारा आकडा) तेवढे खाली येते, चाके येत नाहीत. सी हॅरियरला हूक नव्हतेच, तेही उसनेच! कर्ते गायब आहेत, फाइल्सना कुलूप आहे आणि दुसऱ्या कोणी हात लावू नये अशी ताकीदही ठळक अक्षरांत दिलेली आहे. स्वतः दुरुस्त करायचे नसेल, तर निदान ते कुलूप तरी काढा.