गुप्तरोगाच्या तपासणीबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

माझ्या मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलेलं ‘म्हणूनच मी जात नाहीये’. त्यात म्हटलंय की क्लिनिकमध्ये लघवीच्या जागेत सळई घालतात, घरी कळवतात, त्रास नसेल तर टेस्टची गरजच नाही आणि जखम आपोआप भरली म्हणजे रोग गेला. वाचून डोकंच फिरलं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून तो आधी. सिफिलिस या गुप्तरोगाची पहिली जखम बहुतेकदा दुखतच नाही आणि काही औषध न घेता 3 ते 6 आठवड्यांत भरून येते. रोग मात्र रक्तात तसाच राहतो, पुढे अंगावर, तळहातावर पुरळ येतं, ते पण जातं, आणि काही जणांना पार मेंदू आणि हृदयापर्यंत त्रास होतो, तोही कित्येक वर्षांनी. वेळेत गेलं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन विषय संपतो हो! आणि ‘त्रास नाही’ म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात रोज 10 लाखांहून जास्त नव्या लागणी होतात, त्याही बऱ्या होणाऱ्या गुप्तरोगांच्या, आणि बहुतेकांना लक्षणंच नसतात. क्लॅमिडिया नावाचा गुप्तरोग असाच गुपचूप राहतो आणि बाईला पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते.

सळई वगैरे काही नसतं. पुरुषांना साधारण डबीत लघवी द्यायची, सुरुवातीची धार, म्हणून आधी तासभर लघवीला जायचं नाही. बायकांना बऱ्याच ठिकाणी स्वॅब, म्हणजे कापूस लावलेली काडी, हातात देतात, आडोशाला जाऊन स्वतःच घ्यायचा. एचआयव्ही, सिफिलिससाठी रक्त. स्राव येत असेल तर बारीक स्वॅब आत घालून नमुना घेतात कधीकधी, ते झोंबतं, एवढं खरं. प्रश्न पण अवघड विचारतात, कोणाशी, कसा संबंध आला, कंडोम होता का, पण नमुना घशातून घ्यायचा की गुदद्वारातून हे त्यावरूनच ठरतं, तेव्हा खोटं सांगू नका.

घरी कळवत नाहीत. जोडीदाराची तपासणी करून घ्या म्हणतात, नाहीतर तुम्ही बरे होऊन परत तीच लागण.

आणि कंडोम फाटला, एचआयव्हीची भीती वाटतेय, तर टेस्टची वाट बघत बसू नका. पीईपीच्या गोळ्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस घ्यायच्या असतात. क्लिनिक बंद असेल तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.