‘तोंडी सांगितलेल्या गप्पा’ म्हणणाऱ्यांना

चार दिवस झाले, एक मेसेज आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हाताऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करणं म्हणजे वेळ घालवणं, खरा इतिहास कागदावर असतो, त्यांना सालंसुद्धा धड आठवत नाहीत, आणि एवढीच हौस असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका, झालं जतन. घरच्या शिकलेल्या माणसांनीही त्याला अंगठा दिलाय म्हणून लिहितेय.

आधी कागदाचं बघू. गोव्यातला जुना सरकारी कागद लिहिला पोर्तुगीज अंमलदारांनी, बराचसा महसुलासाठी. गावकरी म्हणजे गावच्या जमिनीचा सामाईक कारभार, त्याबद्दल बोलताना सगळे पोर्तुगीज अंमलदार अफोंसो मेशियाच्या 1526 च्या फोरालचा, म्हणजे चालीरीतींच्या सनदेचा, दाखला देतात, त्यात तिसवाडी तालुक्यातल्या गावांच्या चालीरीती आहेत, पण त्या त्याला कळल्या कुठून? गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांना, विचारूनच ना! म्हणजे तोही तोंडी सांगितलेलाच इतिहास, फक्त लिहून घेणारा सरकारी होता आणि सांगणारे गावकार, मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, धालोची गाणी म्हणत नाचणाऱ्या बायकांना किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या, बांधावर चिखल टाकणाऱ्या कुळाला कुणी विचारलं नाही, मग त्यांचं आपण कुठल्या कागदात शोधायचं?

आता सालं. हो, चुकतात, मी ऐकलंय. गोव्यातल्या साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, आणि तिथली माणसं वाडे न् वालकिणी या गावांत वसवली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि मूळची मंडळी तिथे जमतात. तिथे एका आजीने घर सोडल्याचं साल मला दोनदा वेगवेगळं सांगितलं. पण विहिरीपासून देवळापर्यंत कुणाकुणाची घरं होती ते तिने काठीने मातीत काढून दाखवलं, आणि नंतर दुसऱ्या एका आजोबांना वेगळं बसवून विचारलं तर त्यांनीही तोच क्रम सांगितला. साल भूसंपादनाच्या कागदातून घेता येतं, पण कुठल्या पायरीवर बायका संध्याकाळी बसायच्या ते तिथे नाही हो. आणि चूकसुद्धा काहीतरी सांगत असते. इटलीत तेर्नी गावात 1949 साली पोलिसांच्या गोळीने एक कामगार मेला, लोक मात्र तो 1953 च्या आंदोलनात मेला असं सांगायचे. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकाने ती चूक खोडली नाही, का झाली ते शोधलं. तेव्हा काहीच करता आलं नाही ही सल लोकांनी पुढच्या मोठ्या लढ्यात नेऊन ठेवली होती.

व्हिडिओ टाकला की जतन झालं, हे तर सगळ्यात घातक. ग्रुपवर टाकला की त्याची क्वालिटी जाते, फोन बदलला की फाईलच जाते, माझ्याच मावशीच्या फुगडीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग असं गेलं आणि आता मावशीही नाही. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्या, परवानगी विचारा, आणि कोंकणीत सांगत असतील तर कोंकणीतच सांगू द्या, मध्ये मध्ये आपलं मराठी घालू नका.

1961 च्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाला तेव्हा, जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मी येत्या मे महिन्यात परत कुर्डीला जातेय, त्या आजीला मातीतला तो नकाशा कागदावर काढून द्यायचाय आणि कुणाचं घर राहिलंय का ते विचारायचंय. कुणाला यायचं असेल तर सांगा.