निरंक

आमच्या सांगलीकडं माणूस निवडणुकीला उभा राहत नाही, उभारतो. एस.टी.च्या थांब्यावर उभारतो तसाच विधानसभेलाही उभारतो. क्रियापद एकच असल्यानं माझा घोटाळा झाला असावा. ठिबकच्या दुकानात काउंटरमागं मी वीस वर्षं उभारलेलोच होतो. 2024 च्या ऑक्टोबरात चौघंजण चहाला आले आणि म्हणाले, "दादा, यंदा तुम्ही उभारा." मी म्हटलं, उभारलोयच की! त्यांचा चहा संपेस्तोवर गावभर झालं होतं.

जिल्ह्यात आठ मतदारसंघ आहेत, त्यातला माझा कुठला ते सांगत नाही. फळछाटणीचे दिवस होते. बागायतदार कात्री हातात घेऊन द्राक्षाच्या मांडवाखाली, आणि मी नवा पांढरा शर्ट घालून तहसील कचेरीच्या दारात. अपक्षाला दहा सूचक लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. दहा माणसं मिळाली. प्रत्येकानं सही करण्याआधी "पुढं काय भानगड न्हाई ना?" असं विचारलं. मी कर्जाला जामीन मागतोय असाच त्यांचा चेहरा होता. 10 हजार अनामत भरली, निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढलं. इथवर सगळं बरं चाललं होतं.

मग वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नमुना 26 पुढ्यात ओढला. हे उमेदवाराचं शपथपत्र. "एक रकाना मोकळा सोडायचा नाही," ते म्हणाले. "काही नसेल तिथं 'निरंक' लिहायचं, नाहीतर 'लागू नाही'. मोकळं राहिलं तर अर्ज बाद." शेजारी आमची मंडळी बसलेली. तिचाही पॅन नंबर, तिचंही सोनं लागतं, म्हणून तिला मीच आणलेली. आयुष्यातल्या मोठ्या चुका माणूस स्वतःच्या स्कूटरवर बसवून आणतो.

"शिक्षण?"

"बी.ए.," मी म्हटलं.

"कुठल्या साली? विद्यापीठ?"

विद्यापीठ शिवाजी, हे पटकन सांगितलं. सालासाठी मी पंख्याकडं बघितलं. वकीलसाहेब पेन टेकवून थांबले. पंखा दोन फेऱ्या जास्तीच्या फिरला.

"शेवटच्या वर्षाचं इंग्रजी राहिलंय," मी हळूच म्हणालो.

"राहिलंय म्हंजे?" हा आवाज शेजारून.

"पंच्याण्णव सालापासनं राहिलंय."

"अहो, लग्नाच्या पत्रिकेत बी.ए. छापलंय की!"

"वहिनी, पत्रिका शपथेवर नसते," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी रकान्यात 'बारावी' लिहिलं. संसाराला 26 वर्षं झाल्यावर मी एका ओळीत तीन यत्ता खाली आलो.

पुढचा रकाना दागिन्यांचा. वजन आणि किंमत, दोन्ही हवं. तिनं ताठ बसून सांगितलं, "अठरा तोळे." मी खोकलो. खोकल्यावर वकील लोक बरोबर थांबतात.

"सहा तोळे पतसंस्थेत तारण आहेत. 2019 च्या अवकाळीत बाग गेली तेव्हाचे."

"तुमी म्हनला हुता लॉकरमधी हाय!"

"लॉकरमध्येच आहे. लॉकर पतसंस्थेचा आहे, एवढंच."

वकीलसाहेबांनी दागिने जंगम मालमत्तेत लिहिले, कर्ज दायित्वात लिहिलं आणि आमच्या दोघांच्या मधून पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. अनुभवी माणूस!

खरी मजा पुढं होती. 'इतरांना दिलेली वैयक्तिक कर्जं व उसनवार' असाही एक रकाना असतो. नाव लिहायचं, रक्कम लिहायची. आता खोकायची पाळी तिची होती. तिच्या भावाला बोअर मारायला मी 1 लाख 40 हजार दिले होते. बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की मेहुणे बोअरचाच विषय काढतात.

"भाऊ हाय माझा. तिथं निरंक लिवा," ती म्हणाली.

"वहिनी, माहिती लपवली तर कलम 125 अ. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते."

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "सहाच म्हैने?"

लिहिलं शेवटी. जमिनीचे गट नंबर, क्षेत्र, खरेदीची तारीख, आजचा बाजारभाव, पाच वर्षांचं आयकराचं उत्पन्न, सगळं लिहिलं. गुन्ह्यांच्या रकान्यात मात्र 'निरंक' लिहिताना जरा वाईट वाटलं. तेवढं एकच पान अगदी बिनवजनाचं दिसत होतं. 29 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, अर्ज दाखल केला.

आता ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. ते शपथपत्र कचेरीच्या फलकावर लागतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही चढतं. मी रात्री जागून चार पानी जाहीरनामा लिहिला होता. उपशाचं पाणी फळछाटणीच्या वेळेला मिळावं, बेदाण्याला तारण योजना नीट मिळावी, सगळं आकडेमोडीसकट. तो मी भावकीच्या ग्रुपवर टाकला. एक अंगठा आला, तोही चुकून लागलेला असावा. तासाभरात कुणीतरी माझं शपथपत्र टाकलं. त्यानंतर मोबाईल टेबलावर चालायला लागला.

चुलत्याचा फोन आला. "गट नंबर बघितला. 1 हेक्टर 12 आर लिवलंयस. त्यातलं दोन गुंठं आमचं हाय, बांधाच्या हिकडचं." थोरल्या जावेनं सौ.ला फोन करून नुसतं "सोनं ठीक हाय न्हवं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला. ज्या कॉलेजात इंग्रजी राहिलं तिथल्या वर्गमित्राचा 29 वर्षांनी मेसेज आला : "अरे, तू पण?" बाकी काही नाही. एवढा जिव्हाळा मला आयुष्यात कुणाकडून लाभला नव्हता.

3 नोव्हेंबरला भाऊबीज. मेहुणे आले. पाटावर बसले, टोपी घातली. सौ.नं ओवाळलं. एरवी ते तबकात 501 ठेवतात. यंदा त्यांनी पाचशेची नोट ठेवली, त्यावर एक रुपया ठेवला, आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "दाजी, हे त्येच्यातनं वजा करा. आता सरकारदरबारी नोंद हाय आपली." सौ.च्या हातातलं निरांजन थरथरलं. करंजी कुणीच खाल्ली नाही. मी तेवढी एक खाल्ली, कारण उमेदवारानं जेवणाची वेळ चुकवू नये असं कुणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत. घरातली सगळी मतं माघारीच्या बाजूनं पडली. मी वकीलसाहेबांना विचारलं, अर्ज मागं घेतला तर शपथपत्र पण निघतं का? ते म्हणाले, "अर्ज निघतो. शपथपत्र राहतं." मग माघार घेऊन मिळणार काय होतं? उभारलो.

चिन्हासाठी मी द्राक्षं मागितली होती. आमच्या भागात द्राक्षं कोण मागणार नाही? चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. मोकळ्या चिन्हांच्या यादीत भेंडी होती, ढोबळी मिरची होती. माझ्या वाट्याला आलं नेलकटर. हे चिन्ह छापलं की कशासारखंही दिसतं. एका आजींनी पत्रक लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि विचारलं, "मासा हाय का रं?" तरणी पोरं विचारायची, वाटणार का? मी आचारसंहिता समजावून सांगायचो. पोरं वाढलेली नखं दाखवायची.

प्रचाराला पंधरा दिवससुद्धा नाहीत. खर्चाची मर्यादा 40 लाख. माझ्या बाबतीत ती आभाळाला छत घालण्यासारखी होती. तरी वही रोज लिहायची. चहा, वडापाव, खुर्च्या, सगळ्याचे दर जिल्ह्यानं ठरवून दिलेले, त्या दरानं धरायचं. तपासणीला गेलो की खर्च विभागातला पोरगा पानं उलटायचा. निरंक, निरंक, दोन चहा, निरंक. तिसऱ्या तपासणीला तो कळवळून म्हणाला, "दादा, एखादी रिक्षा तरी फिरवा. आम्हाला कसंतरीच होतंय."

दारोदार गेलो तर लोक पाणी विचारायचे, बसवायचे, आणि जाहीरनाम्याला हात घालायच्या आत म्हणायचे, "ते सहा तोळ्याचं काय झालं?" एका बागायतदारानं तर माझ्या जमिनीचा बाजारभाव कमी धरलाय म्हणून मला दहा मिनिटं झापलं. "आमच्या शिवाराचा रेट पाडताय तुमी!" विकायचं असतं तर एवढी कळकळ ठीक होती.

23 नोव्हेंबरला मोजणी झाली. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त लागतात. म्हणजे दोन लाख दहा हजार मतं धरली तर पस्तीस हजारांच्या वर. मला किती पडली हे सांगायची सक्ती कुठल्याच नमुन्यात नाही, तेव्हा पुढं जाऊ. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दिला, पोचपावती फाईलला लावली आणि दुकानात काउंटरमागं पूर्ववत उभारलो.

फेब्रुवारीत थोरलीला कराडकडचं स्थळ आलं. माणसं चांगली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले, गुडघ्यावर सपाट केले. चारी कोपरे मी लांबूनच ओळखले. ओळींखाली लाल पेनानं रेघा होत्या.

"तसं काही नाही, सहज," मामा म्हणाले. "ते तारण सुटलं का?"

"तीन तोळे सुटलं," मी म्हणालो.

"आणि ही येणी 1 लाख 40 हजार?"

कोपऱ्यात बसलेले मेहुणे रिकाम्या बश्या गोळा करून आत गेले. एवढं काम त्यांनी बहिणीच्या घरी पहिल्यांदाच केलं.

"इंग्रजी?"

"राहिलंय."

मामांनी शेवटचं पान उलटलं, पाठमागं बघितलं, कागदाची घडी घातली. "बरं, याच्याबाहेर आणखी काही सांगण्यासारखं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं सौ.चा आवाज आला.

"निरंक."