‘सीट पुढे सरकवा, झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना

निनावी महाशय,

“भावा, रोड बाइकची सीट पुढे सरकव, एअरोबार बसव, झाली ट्रायथलॉन बाइक. बाकी सगळी दुकानदाराची भाषा,” असं तुम्ही रोड आणि ट्रायथलॉन बाइकमधला फरक सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. (इतरांसाठी: ट्रायथलॉन म्हणजे ओळीने पोहणं, सायकल, पळणं; एअरोबार म्हणजे कोपरं टेकून चालवायचे पुढचे दांडे.) शिवाय माझ्या तक्त्यात स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उंची आणि पुढची लांबी, उलटे पडलेत, हेही. ते खरंच उलटे पडले होते. रात्रीच दुरुस्त केले, आभार. पण दुकानदार? मला आजवर कुणी साधी ट्यूब फुकट दिलेली नाही. ‘भावा’ म्हणून सुरुवात करायची आणि दोन ओळींत माणसाच्या हेतूवर घसरायचं, त्यापेक्षा आधीच दुकानदार म्हणायचं होतंत.

आता तुमचं वाक्य. रोड बाइकची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची तिरकी नळी, जमिनीशी साधारण 73 अंशांची, ट्रायथलॉन बाइकची 76 ते 80. सीटची उंची बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पॅडलच्या आसापासून, 70 सेंमी धरा. पाच अंश वाढवायचे तर सीट जवळपास 6 सेंमी पुढे यायला हवी. तुमच्या सीटच्या रेल्स (खालच्या सळया) तेवढ्या सरकतात? बघा सरकवून.

समजा, सरकल्या. कोपरं टेकून वाकल्यावर मांडी पोटात घुसत नाही, हे कबूल. सगळा खटाटोप त्यासाठीच तर असतो. पण वजन पुढे गेलं आणि पुढचं चाक राहिलं होतं तिथेच! ट्रायच्या फ्रेममध्ये ते बॉटम ब्रॅकेटपासून लांब ठेवतात, हेड ट्यूबही (हँडलखालची नळी) बहुधा जरा जास्त कललेली असते. डॅन एम्पफील्डने आपल्या क्विंटाना रू कंपनीची सुपरफॉर्म ही ट्रायथलॉन बाइक आणली, ती फ्रेमच नव्याने आखून. सीट सरकवून भागलं असतं तर त्याला काय हौस होती?

आणि हे मी वाचून सांगत नाही. गोव्याच्या 70.3 ला, म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनला, मिरामारच्या पाण्यातून बाहेर पडून सायकलचे 90 किमी मी तुमच्याच पद्धतीने मारलेत. जुनी रोड बाइक, वरून बसवलेले क्लिप-ऑन एअरोबार, सीट रेलच्या टोकाला. आडवा वारा आला की पुढचं चाक थरथरायचं. निम्मा रस्ता हात ब्रेकवर. एअरोबार नुसते वाहून नेले. तुम्ही कुठे चालवलीत, ते प्रतिक्रियेत दिसलं नाही.

‘उतरल्यावर पळायला पाय ताजे राहतात याचा पुरावा द्या’ म्हणालात. तो विषय लांबेल, इथे नको. यूसीआयचे, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेचे, नियम ट्रायथलॉनला आणून चिकटवलेत, त्यावर काय बोलणार.

ती रोड बाइक अजून आहे. सीट मागे घेतल्यापासून सिंहगड झकास चढते.