कॉडल इंजेक्शनमधल्या डायबद्दल खुलासा

कॉडल एपिड्यूरल म्हणजे माकडहाडाजवळून मणक्यातल्या मज्जातंतूंभोवतीच्या (एपिड्यूरल) जागेत दिलेलं इंजेक्शन; डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य. ‘कॉडल एपिड्यूरल देताना सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही, की सुई जागेवरच, डाय आणि एक्स-रे निव्वळ देखावा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. टोक शिरेत असूनही कधी कधी रक्त येत नाही; ओढीने नाजूक शीर मिटते. भूलतज्ज्ञ म्हणून पडद्यावर हे मी पाहिलंय. थेट एक्स-रेखाली डाय सोडला, की सुई एपिड्यूरल जागेत असल्यास तो वर चढत मज्जातंतूंलगत फांद्यांसारखा पसरतो. शिरेत असल्यास क्षणात वाहून जातो, हाडाबाहेर असल्यास तिथेच साचतो. डायची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात, तो मुद्दा निराळा. कृपया तो चुकीचा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.